पळपुट्यांच्या घरची बातमी

निवृत्त होऊन चौथा महिना लागला आणि बायकोने मला घराबाहेर काढलं. भांडणबिंडण काही नाही. नारळ कसा खोवावा, हे मी विळीशेजारी उभा राहून तिला समजावून सांगत होतो. तिने विळी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "अहो, एक तर हे घ्या आणि खोवा, नाहीतर वाचनालयात जाऊन बसा. तिथे पंखा आहे, पेपर आहेत, आणि मी नाही."

गेलो. दुसऱ्याच दिवशी वाचनालयातल्या बाई माझ्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुम्हाला मनातल्या मनात वाचता येत नाही का?"

आता माझी सगळी नोकरी एस.टी. स्टँडवर माइकपुढे गेली. 'राजापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर' असं जन्मभर पुकारल्यावर माणूस मथळासुद्धा मनात कसा वाचणार? बाईंनी तोड काढली. मागे एक खोली होती, जुन्या बांधीव फाइलींची. तिथे टेबल होतं, खिडकी होती आणि चिटपाखरू फिरकत नव्हतं. "तिथे बसा आणि हवं तेवढं मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. एवढी चांगली शिक्षा मला शाळेतसुद्धा कधी मिळाली नव्हती.

त्या फाइली होत्या आपल्याच रत्नागिरीत छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकाच्या. राणीच्या राज्यातल्या. राणी म्हणजे ती विलायतेतली, व्हिक्टोरिया. पहिली फाइल मी उघडली ती केवळ वारा घालायला पुठ्ठा बरा आहे म्हणून. आणि मग दुपारचं जेवण विसरलो. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

मला वाटलं होतं, त्या काळची माणसं सगळी फोटोतल्यासारखी असतील. ताठ बसलेली, मिशीवर हात, डोळे मोठे. इथे तर पानापानावर आमचीच आळी नांदत होती! शाळेसमोर म्हैस बांधणाऱ्या गृहस्थाविरुद्ध एकाने पत्र लिहिलं होतं. पुढच्या अंकात त्या गृहस्थाचं उत्तर होतं की म्हैस आधीपासून तिथे आहे, शाळा नंतर आली. आगबोट बंदरापासून लांब उभी राहते, पडावातून किनाऱ्याला येताना उतारूंची बिछान्याची वळकटी भिजते, सरकार झोपलं आहे काय? डाक घेऊन येणारा माणूस वाटेत वाघ बसला म्हणून झाडावर चढला, सबब रत्नागिरीला पत्रं उशिरा मिळाली. हरवलेल्या बैलाची जाहिरात होती आणि बैलाच्या वर्णनात शिंग, रंग, शेपूट झाल्यावर 'स्वभावाने मायाळू' असंही होतं. एका गोळीने ताप, खोकला, मूळव्याध आणि उदासपणा चारही जात होते. नाटक मंडळी आली होती, पण नायिकेचं काम करणाऱ्या पुरुषाला पडसं झाल्यामुळे खेळ पुढे ढकलला होता. आणि माघ महिन्याच्या प्रत्येक अंकात, वर्ष कुठलंही असो, कोणीतरी लिहिलेलं असायचंच की धुक्याने मोहोर जळाला, यंदा आंबा कमी. त्याच दिवशी सकाळी आमच्या कट्ट्यावर हेच वाक्य तिघांनी म्हटलं होतं.

मला वेड लागलं. वाक्यं तर अशी, की एकदा सुटलं की थेट पानाच्या तळाशी थांबायचं. मधे स्वल्पविराम नाही, पाणी नाही, चहा नाही. विनाथांबा गाडी. हळूहळू मी घरीही तसंच बोलू लागलो. "आजच्या आमटीबद्दल एक त्रस्त गृहस्थ आम्हांस कळवितात की," असं मी ताटावर बसून म्हणालो, तर बायको म्हणाली, "त्या गृहस्थाला कळवा, उद्या आमटी नाही."

गावातल्या लोकांचे पूर्वजही भेटू लागले. मला पोटात काही ठेवता येत नाही, ही माझी जुनी खोड. औषधांच्या दुकानात भरगर्दीत मी मालकाला आनंदाने सांगितलं, "अहो, तुमच्या पणजोबांनी शेजाऱ्याचा फणस चोरला होता! छापून आलंय!" तेव्हापासून तो मला औषध देतो, पण पथ्य सांगत नाही.

आणि मग मला वाटलं, आपला पणजोबा शोधावा.

इथे आमच्या घराविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. आमचं मूळ गाव राजापूरच्या बाजूला, खाडीकाठी. गावात आमच्या घराला आडनावाने कोणी ओळखत नाही. 'पळपुट्यांचं घर' म्हणतात. रागाने नाही, अगदी प्रेमाने. लग्नपत्रिका द्यायला आलेला माणूससुद्धा विचारतो, "पळपुट्यांचं घर हेच ना हो?" का, तर आमचा पणजोबा पळाला होता. कुठून पळाला, कशापासून पळाला, हे गावात कोणालाच ठाऊक नाही. तो मुंबईच्या मचव्यांवर खलाशी होता, म्हणून कोणी म्हणे वादळाला भिऊन पळाला, कोणी म्हणे गोऱ्या साहेबाला भिऊन, आणि आमच्या घरातल्या बायकांचं एकमत, की बायकोला भिऊन. पुढे तो गावातच राहिला, म्हातारा होऊन तिथेच गेला. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

नावाचं काही नाही हो. खरी बोच शिमग्याची. शिमग्यात देवीची पालखी गावभर घरोघर फिरते आणि गावातले बाप्ये ती खांद्यावर घेऊन ढोलावर नाचवतात. ज्याच्या अंगणात पालखी, त्या घरच्याने दांड्याला खांदा द्यायचाच. फक्त आमच्या घरच्याने द्यायचा नाही. पालखी आमच्याही अंगणात येते, ओटी भरली जाते, नारळ वाढवला जातो, पण ती नाचवतात दुसरे. आम्ही हात जोडून बाजूला. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायची सोय नाही. रीत.

मी रत्नागिरीला राहिलेला माणूस, मला शिमग्यापुरती दोन दिवस टोचणी. पण माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो जन्मभर गावात राहिला. शहात्तर वर्षांचा आहे. दरवर्षी सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून अंगणात उभा राहतो आणि पालखी आली की दोन पावलं मागे सरतो. तेवढी दोन पावलं बघवत नाहीत.

फाइलींबद्दल त्याला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपल्या आज्याच्या बापाचं काय सापडतंय काय बघ रे. माझा उजवा खांदा डॉक्टर म्हणतो आता गेल्यात जमा हाय. तो पुरता जायच्या आत मला कळू दे."

मग काय! मी रोज दार उघडायच्या आधी वाचनालयाच्या पायरीवर. आणि विसाव्या का बाविसाव्या दिवशी, एका जाड फाइलीच्या मधोमध, पणजोबा सापडला.

नाव तेच. बापाचं नाव तेच. आडनाव तेच. गाव तेच. खाडीत तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, उलटली होती आणि या पठ्ठ्याने उडी टाकून बुडणारी माणसं एकामागून एक बाहेर काढली होती. कचेरीत बोलावून साहेबाने त्याला पागोटं बांधलं आणि पितळेचा बिल्ला दिला. मी ओरडलो. म्हणजे पुकारलंच. बाहेरच्या खोलीतले वाचक बॅगा घेऊन उभे राहिले, असं बाई नंतर म्हणाल्या.

पळपुटा कसला, शूर! मी बातमीचा फोटो काढला, नको ती कड कापली, घरच्या ग्रुपवर टाकला. पुतण्यांनी मुंबईहून हात जोडलेली, मुठी वळलेली चित्रं पाठवली. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर मी मी नसतो. मी फ्लेक्स केला. आठ फुटी. 'खाडीचा वाघ' असं वर मोठ्या अक्षरात. पणजोबाचा फोटो कुठून आणणार? फ्लेक्सवाल्याने संगणकातून एक खलाशी काढून दिला. त्याच्या तोंडात चिरूट होता आणि मागे बर्फाचा डोंगर. मी म्हटलं, चालेल.

शिमग्याआधी गावाची बैठक देवळात बसते. त्या बैठकीला मी फ्लेक्स घेऊन गेलो. दादा माझ्या शेजारी बसला होता, कपाळाला गंध, नवी टोपी. मी उभा राहिलो आणि माझ्या स्टँडच्या आवाजात सगळी बातमी वाचली. मंडळी खूश. समोर पालखीचे मानकरी बसले होते, वरच्या वाडीतले, दादाच्याच वयाचे. आमचं आणि त्यांचं आडनाव एक. काही पिढ्यांमागे दोन भावांची दोन घरं झाली, ते वरच्या वाडीत, आम्ही खालच्या.

मानकरी शांतपणे म्हणाले, "बरं वाचलास. पुढची ओळ वाच."

"पुढे काही नाही."

"असेल. बघ नीट."

फोटोत नव्हतीच. ती मी कड म्हणून कापली होती. मानकरी उठले, घरी गेले आणि एक पितळेचा बिल्ला घेऊन आले. त्यावर साहेबाच्या मुलखाचा मुकुट, खाली नाव. तेच नाव. बिल्ला त्यांच्या देव्हाऱ्यात होता, चार पिढ्या.

"तर तो आमचा," ते म्हणाले. "तुमचा न्हवं. तू आमच्या पणज्याचा येवढा मोठा बोर्ड केलास, उपकार झाले."

देऊळ हसलं. घंटासुद्धा हलली असेल.

आता ही चूक कोकणातल्या माणसालाच जमावी. आमच्याकडे थोरल्या नातवाला आज्याचं नाव ठेवायचं, हा दंडक. त्यामुळे घरात दोनच नावं आलटून पालटून फिरतात: आज्याचं नाव नातवाला, बापाचं पणतवाला. आणि दोन्ही घरं एकाच मूळपुरुषाची, म्हणून दोन्ही घरांत तीच दोन नावं. एकाच वेळी खालच्या वाडीतही तोच, वरच्या वाडीतही तोच. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तरीही मी ती ओळ कापली; तिच्यात 'वरची वाडी' हे दोनच शब्द होते, ते मी नंतर जाऊन पाहिले.

दादाने फ्लेक्सची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाला, "गोठ्यावर घालू. पावसात बरा." मला गाडीपर्यंत सोडायला मात्र आला. चिऱ्याच्या गडग्याला टेकून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"हे बघ. मला वाघबिघ नको. पळाला असेल तर पळाला. पण कशाला पळाला? त्याच्यापायी मी सगळा जन्म बाजूला उभा ऱ्हायलो. मला निदान कारण तरी कळायला हवं का नको?"

"शोधतो," मी म्हणालो.

"शोध. आणि वाईट निघालं तर ते पण सांग. कापू नको."

या शेवटच्या दोन शब्दांनी मी परतीच्या गाडीत खिडकीबाहेरच बघत बसलो.

शिमगा पंधरवड्यावर आला होता. मी बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणजे आधी हसल्या, पण मग पदर खोचून मदतीला आल्या. "काका, तुम्ही शूर माणूस शोधत होतात, म्हणून तुम्हाला शूर सापडला," त्या म्हणाल्या. "आता पळालेला शोधू. पळालेली माणसं कुठे छापत असतील?"

आम्ही कोर्टाच्या बातम्या बघितल्या. बंदरावरच्या बघितल्या. राणीच्या राज्याची शेवटची वर्षं आली आणि पेपरचा सूरच बदलला. प्लेग! म्हशी, फणस, नाटक मंडळी सगळी मागे पडली. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक बोटीची, मचव्याची तपासणी. उतारूंना बंदरावर झावळ्यांच्या मांडवात अडकवून ठेवायचे, त्याला पेपरात 'क्वारंटीन' म्हटलं होतं. माणसं वैतागलेली, साहेब वैतागलेला, संपादक दोघांवर वैतागलेला. मी आणि बाई समोरासमोर बसून वाचत होतो आणि मधेच एकमेकांकडे बघत होतो, कारण मांडव सोडला तर सगळं आम्ही करोनात नुकतंच जगलो होतो.

शिमग्याला आठ दिवस उरले असताना बाईंनी बोट ठेवलं. "काका. हे वाचा. हळू वाचा."

मी मनातल्या मनात वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा.

बातमीचा मतलब असा. मुंबईहून आलेल्या एका मचव्यावरच्या खलाशांना रत्नागिरीच्या बंदरावर मांडवात ठेवलं होतं. त्यातला एकजण भरदुपारी पाणी आणायला म्हणून घागर घेऊन निघाला, तो परत आलाच नाही. घागर विहिरीवर सापडली. साहेबाने चौकीदार चहूकडे धाडले. चार दिवसांनी तो सापडला आपल्या गावी, खालच्या वाडीत, पालखीखाली. नाचताना! साहेबाने विचारलं, पळालास का? तो म्हणाला, शिमगा होता. दुभाष्याने ते साहेबाला सांगितलं, तर साहेबाने आधी विचारलं, हा आजार सांसर्गिक आहे काय?

इथवर मी शांत होतो. पुढे वाचलं आणि टेबल धरलं. अख्ख्या गावाची नाकेबंदी झाली होती. घराघराला चुना मारला, कौलं उतरवली, कपडे उकळले. पालखी अर्ध्या गावातून देवळात परत गेली. त्या वर्षी शिमगा तिथेच संपला. आणि गावकऱ्यांनी साहेबासमोर सांगितलं, की हा मांडवातून आलेला आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते, यापुढे याच्या खांद्याला पालखी लागू देणार नाही. दोन अंकांनंतर एक ओळ होती: सदरहू गावात कोणासही रोग झाला नाही, नाकेबंदी उठविली आहे.

आणि मी एवढ्या मोठ्याने हसलो की बाहेरचे वाचक बॅगा घेऊन खरोखरच घरी गेले. राणी गेली, साहेब गेला, प्लेग गेला, गावाची नाकेबंदी उठली. आमचा खांदा तेवढा अजून क्वारंटीनमध्ये होता! तो सोडायचं राहून गेलं होतं.

या वेळी मी कड कापली नाही. बाईंनी सबंध पानाचा फोटो काढून दिला, आधीच्या आणि नंतरच्या पानासकट. बापाचं नाव, वाडी, सगळं त्यांनी स्वतः तपासलं; माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि माझाही नव्हता.

पण गाडीत बसल्यावर मी ते पान पुन्हा उघडलं. पणजोबा पळालाच होता, हे खरं ठरलं होतं. वर गावाला नाकेबंदीत घातलं होतं. दादाने वाईट निघालं तरी सांग म्हटलं होतं, पण म्हणणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मी त्याच्या पडवीत बसून सगळं वाचून दाखवलं, त्याच्याकडे न बघता. संपल्यावर वर पाहिलं तर डोळ्यांतून पाणी, आणि तोंड उघडं, आवाज नाही. मी घाबरलो. वहिनी धावत आली. तो हसत होता.

"अरे मेल्या," दम खाऊन तो म्हणाला, "पळाला तो गावाकडे पळाला! मी समजत होतो, गावातनं पळाला."

"सत्यानाश केला की पण गावाचा," वहिनी म्हणाली.

"केला. चूक ती चूक. पण गो, घागर ठेवून, डोंगर चढून, खाड्या पोहून शिमग्याला येतो म्हणजे काय!" त्याने मान हलवली. "मी असतो तर मी पण आलो असतो."

दुसऱ्या दिवशी देवळात पुन्हा मंडळी बसली. मला पाहिल्यावर एकाने विचारलंच, "आज बोर्ड नाय आणला?" मी उभा राहणार होतो, दादाने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. तो स्वतः उठला आणि पान वाचलं. अडखळत वाचलं, चष्मा सरकत होता, पण एक ओळ सोडली नाही. साहेबाचा आजाराबद्दलचा सवाल ऐकून लोक हसले. चुना आणि कौलं ऐकून गप्प झाले.

"आमच्या पणज्यानं गावाचा शिमगा मोडला," दादा म्हणाला. "त्याच्या वतीनं मी गावाची माफी मागतो. आता खांद्याचं काय ते तुम्ही ठरवा."

टाळेबंदीतला तो चैत्र सगळ्यांनाच आठवत असणार. मुंबई बंद, गाड्या बंद, आणि तरी गावात रोज एक नवीन चाकरमानी उगवायचा. कोणी चालत, कोणी दुधाच्या गाडीतून. शाळेत ठेवलेले सगळे आमचेच होते. आंबे पोचवून परत येणाऱ्या टेम्पोत रिकाम्या पेट्यांच्या आड लपून कोण आलं होतं, तेही सगळ्यांना माहीत होतं. मानकऱ्यांचा मुलगा. पण ते तोंडाने कोण म्हणणार?

"माझाच पोरगा पेट्यांत बसून आला होता," मानकरी स्वतःच म्हणाले. "सात तास. अजून त्याला आंब्याचा वास सोसत नाय. तेव्हा त्याचा खांदा कोणी बंद केला नाय, मग ह्यांचा कशाला? पण रीत जुनी हाय. मी मोडणार नाय. देवीला विचारू."

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर होकार. पाकळ्या लागल्या. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. देवळात एवढी शांतता, की बाहेर कोंबडी उकिरडा उकरत होती तेही ऐकू येत होतं. दादाने डोळे मिटले होते. उजवी पाकळी किंचित ओघळली.

आणि मी शिंकलो.

स्टँडची शिंक. सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. दादाने डोळे न उघडता विचारलं, "तोच काय?"

"तोच," मानकरी म्हणाले.

मला बाहेर काढलं. मी पायरीवर नाक धरून बसलो, पाकळ्या नव्याने लागल्या, नव्याने गाऱ्हाणं झालं. मला आतलं काही दिसत नव्हतं. दोन मिनिटं गेली असतील की दोन तास, माझं घड्याळ माझ्याकडेच होतं, पण बघायचं धाडस झालं नाही. मग आतून एकदम कालवा उठला आणि मला कळेना, हा कसला कालवा. वहिनी दारात आली. पदर तोंडावर. तिने नुसता उजवा हात वर केला.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली ती उन्हं कलायच्या सुमाराला. रुपेरी मुखवटे, झेंडूच्या माळा, ढोल, ताशे, सगळा गाव मागे. वहिनीने ओटी भरली. दादा नेहमीच्या जागी उभा होता. ढोल वाजला आणि तो सवयीने दोन पावलं मागे सरला. मानकऱ्यांनी त्याचा दंड पकडला.

"कुठं चाललास? दांडा धर."

त्याने धरला. उजवा खांदा नाही, डावा दिला. मागच्या बाजूला मला उभं केलं. आता, पालखी नाचवणं हे लांबून बघायला सोपं असतं. तिथे गुडघ्यात वाकायचं असतं, ढोलाच्या ठोक्यावर उठायचं असतं, आणि दोन्ही टोकांनी एकाच वेळी. आमच्या घरात हे कोणालाच कधी कोणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्याच ठोक्याला दादा उठला तेव्हा मी बसलो. देवी वाकली. बायका "अगोऽ" म्हणाल्या.

"गुडघा! गुडघा!" मानकरी पुढून ओरडत होते.

"कुठला?" मी ओरडलो.

"दोन्ही रे!"

तिसऱ्या फेरीला माझ्या पायावर कोणाचा तरी पाय पडला, मी बाहेर फेकला गेलो आणि माझी जागा मानकऱ्यांच्या पेट्यांतल्या मुलाने घेतली. पण दादाला जमलं होतं. शहात्तर वर्षं नुसतं बघितलं होतं ना त्याने, ते सगळं त्याच्या पायांत होतं. टोपी पडली, धोतराचा सोगा सुटला, त्याला पत्ता नव्हता. वहिनी मधेच हाक मारायची, "अहो, पुरे, खांदा!" आणि तो ऐकत नव्हता. चार फेऱ्या झाल्या, पाच झाल्या. मानकरी घामाघूम होऊन म्हणाले, "सोड आता. पुढचं घर कधीचं थांबलंय."

"थांबू दे," दादा म्हणाला. "आम्ही काय कमी थांबलो?"

आणि ढोलवाल्याकडे मान वळवून म्हणाला, "वाजव रे तू."